बैठका आणि खुराक: शहात्तर वर्षांच्या आजींचं एक प्रकरण

सूनबाईंचा फोन आला तो स्वतःच्या पाठीसाठी. "आत्या कमोडवरून एकट्या उठत नाहीत, त्यांना उचलून उचलून माझी कंबर गेली. पट्टा कुठला घेऊ?" आत्या म्हणजे सासूबाई. सासूबाईंना व्यायाम द्यावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट, तरी त्या क्षणी माझ्याही मनात पट्ट्याचीच मापं होती. मग म्हटलं, एकदा घरी येऊन बघते.

घर सातारा जिल्ह्यातलं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

आजी दिवाणावर बसल्या होत्या. पाठीशी दोन लोड, शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, गोळ्यांचा डबा, मोबाइल, जपमाळ. सगळं हाताच्या अंतरावर. कमोडची खुर्चीसुद्धा दिवाणाला चिकटून. मुलाने हे मायेने जमवलेलं. "आईला आम्ही काडीचंही काम पडू देत नाही," त्याने अभिमानाने सांगितलं. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. कारणांच्या रकान्यात.

हकिगत अशी. श्रावणापर्यंत आजी चालत्याफिरत्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे, त्याचा पुरेपूर फायदा घेत महिन्यातून दोनदा धाकट्या बहिणीच्या गावी जायच्या. भाद्रपदात न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखाना, त्यातले चार ऑक्सिजनवर. घरी सोडताना "थोडे दिवस विश्रांती" असं सांगितलं होतं. ते थोडे दिवस संक्रांतीपर्यंत लांबले. मधल्या काळात वजन ५१ किलोवरून ४६ वर आलं, दोनदा पडल्या (एकदा न्हाणीत, एकदा दिवाणाशेजारीच), आणि दुसऱ्यांदा पडल्यावर घरच्यांनी उरलीसुरली कामंही काढून घेतली.

काहीच केलं नव्हतं असं नाही. कुणीतरी "चालवा त्यांना" म्हणाल्यामुळे दोन महिने रोज संध्याकाळी नातवाचा हात धरून अंगणात वीस मिनिटं चालत होत्या. फरक शून्य. "चालून चालून पाय आणखीच गेले," आजी म्हणाल्या.

मोजमाप

म्हातारपणी स्नायू झडतात त्याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ग्रीक शब्दांवरून हे नाव पाडलं. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. नाव येण्याआधी आपल्याकडे "वयाने वाळल्या" म्हणायचे आणि पुढे काही करायचे नाहीत. नाव आल्याने एवढं झालं की ते मोजायला लागले.

चाळणीसाठी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे: साडेचार किलोचं ओझं उचलायला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला, खुर्ची-पलंगावरून उठायला, दहा पायऱ्या चढायला किती त्रास होतो, आणि वर्षभरात किती वेळा पडलात. दहापैकी चार किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासायचं. आजींना सात आले.

पोटरीचा घेर साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत बायकांसाठी ३३च्या खाली गेलं की शंका घ्यायची. हाताची पकड ११ किलो. बायकांसाठी १८च्या खाली म्हणजे कमी. सहा मीटर चालायला ९.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.६४ मीटर, हा वेग एकाच्या खाली असला की मंद धरतात.

खरी गोष्ट कळली खुर्चीच्या चाचणीत. हात छातीशी बांधून साध्या खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, बारा सेकंदांच्या आत. आजींनी हात बांधले, पुढे झुकल्या, कुल्ले दोन बोटं वर आले आणि धप्पकन खाली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा धप्प. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच थांबवलं. हातांचा आधार घेऊ दिला तेव्हा पाच वेळा उठायला २४ सेकंद लागले.

एक्स-रेच्या तंत्राने स्नायूंचं वस्तुमान मोजणारी तपासणी जवळपास नव्हती, आणि ती करून उपचार बदलणार नव्हता. ती नसेल तर निदान "संभाव्य सार्कोपेनिया" एवढंच लिहायचं असतं, तेवढंच लिहिलं. पण व्यायाम सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, कारण पाय जाण्याची दुसरी कारणंही असतात आणि ती व्यायामाने जात नाहीत. थायरॉइड ठीक निघालं, मूत्रपिंडांसाठी बघतात ते क्रिएटिनिनही ठीक. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब घेतला तर उभं राहिल्यावर तो चांगलाच उतरत होता. डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचं प्रमाण कमी केलं. न्हाणीत पडण्यामागे हे एक कारण असावं असा माझा अंदाज. उजव्या गुडघ्याची झीज होतीच, ती पुढे माझ्या अंगाशी आली.

चालून का भागलं नाही

मुलाला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि शेवटी समजलं ते त्याच्या आईने काढलेल्या एका शब्दाने. तो नंतर सांगते.

पन्नाशीनंतर स्नायू दर वर्षी थोडे थोडे कमी होतात, आणि ताकद त्याहून वेगाने घटते. त्यातही झटक्याने जोर लावणारे तंतू आधी आणि जास्त बारीक होतात. उठणं, पायरी चढणं, तोल गेल्यावर पाय पटकन पुढे टाकणं ही कामं त्याच तंतूंची. सपाट अंगणात सावकाश चालायला ते फारसे लागतच नाहीत. म्हणून आजी दोन महिने चालल्या आणि जे तंतू झोपले होते ते झोपूनच राहिले. चालणं वाईट नाही. हृदयाला चांगलं, मनाला त्याहून चांगलं. पण खुर्चीतून उठायला मांड्यांना जेवढं वजन पेलावं लागतं, त्याच्या आसपासही अंगणातलं पाऊल जात नाही.

आणि अंथरूण. अमेरिकेत १२ धडधाकट ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, दहा दिवस नुसतं झोपवून ठेवून पाहिलं होतं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ते निरोगी होते. आजींना ताप होता, जेवण जात नव्हतं, आणि दहा दिवसांनंतरचे चार महिने होते. न्यूमोनियाने जे नेलं ते बहुधा दिवाळीपर्यंत आपोआप थोडंफार भरून आलं असतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठणं-बसणं हा माणसाचा न मोजलेला व्यायाम असतो. तो पाण्याचा तांब्या हाताशी आल्यावर बंद पडला.

आता तो शब्द. मी खुर्चीतून उठण्याचा व्यायाम दाखवत होते. आजींनी पदर तोंडाला लावला आणि हसू लागल्या. "आगं पोरी, ह्या तर बैठका! आमचं आबा मारायचं तालमीत." आजींचे वडील पहिलवान होते. पहाटे जोर-बैठका, मग खुराक. मुलाने लहानपणी आजोबांच्या गोष्टी ऐकलेल्या. मी विचारलं, आबा अंगणात वीस मिनिटं चालून पहिलवान झाले होते का? तो हसला, आणि आमचा वाद तिथे मिटला. बैठका रोज थोड्या थोड्या वाढवतात, आणि बैठकांमागे खुराक लागतो. तालमीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असलेल्या या दोन गोष्टी म्हातारपणीही तशाच लागू होतात, फक्त सुरुवात फार खालून करावी लागते.

पहिले दोन आठवडे वाया

हे लिहायला बरं वाटत नाही, पण प्रकरण पूर्ण मांडायचं तर लिहायला हवं. सुरुवातीला मी घाबरले. शहात्तर वय, वाळलेलं शरीर, दोनदा पडलेल्या. मी घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करायला लावले, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. रबरी पट्टा ताणायला दिला, सगळ्यात कमी ताणाचा. आजी पाय वर-खाली करत करत मला बहिणीच्या सुनेचं सगळं प्रकरण सांगायच्या. दहावी आवृत्ती संपली तरी गोष्ट चालूच.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लक्षात आलं की ज्या व्यायामात माणूस गप्पा मारू शकतो तो व्यायाम स्नायूंच्या खिजगणतीतही नसतो. जे मी मुलाला चालण्याबद्दल ऐकवलं होतं तेच स्वतः करत होते. भीतीपोटी आम्ही थेरपिस्ट मंडळी म्हाताऱ्या माणसांना खेळण्यातली वजनं देतो आणि "केलं" अशी खूण करतो.

बोस्टनमधल्या एका वृद्ध-रुग्णालयात मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला होता. जड म्हणजे एका वेळी जेमतेम उचलता येईल त्याच्या ८० टक्के. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० सालचं. मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. प्रत्यक्ष आजी समोर बसल्यावर विसरले.

बैठका

तिसऱ्या आठवड्यापासून नवा हिशेब. सोमवार, बुधवार, शनिवार. मधले दिवस स्नायूंना सावरायला सोडलेले. दोन दिवस मी जायचे, एक दिवस सूनबाई.

मुख्य व्यायाम बैठकांचा. साध्या खुर्चीतून त्या उठू शकत नव्हत्या, म्हणून खुर्चीच उंच केली. बैठकीवर सतरंजीच्या घड्या, त्यावर फळी, वर पातळ गादी, एकवीस इंच. खुर्ची भिंतीला टेकवलेली, समोर सूनबाई उभ्या. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत झुकायचं, मग उठायचं. म्हाताऱ्या माणसांचं निम्मं अडतं ते इथेच: पडण्याच्या भीतीने ती पुढे झुकत नाहीत आणि मागे रेलून उठायला बघतात. बसताना धप्पकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं. उतरतानाचा हा जोर आजींना उठण्यापेक्षा जास्त जड गेला.

श्वास रोखू नये, रक्तदाब चढतो. "उठताना श्वास सोडा" असं सांगून काही होईना. मग उठताना मोठ्याने "विठ्ठल" म्हणायला लावलं. तोंडाने नाव घेताना श्वास रोखता येत नाही. प्रश्न मिटला.

किती जड ते ठरवायला "दहापैकी किती दमलात" असं विचारतात. आजींना ते आकडे बोलेनात. मी विचारायचे, "अजून किती होतील?" "लई होतील" म्हणाल्या तर उंची कमी करायची, "अजून दोन" म्हणाल्या की फेरी तिथेच थांबवायची. आठ ते दहाच्या फेऱ्या, तीन वेळा, मध्ये दोन मिनिटं बसून. गप्पा त्या दोन मिनिटांत.

एकवीस इंचांवरून दर आठवड्याला एखादी सतरंजी निघायची. पाचव्या आठवड्यात सतरा इंचांची साधी खुर्ची, हात छातीशी. आजींनी पहिल्यांदा तशी बैठक मारली तेव्हा नातवाने टाळ्या वाजवल्या आणि आजींनी त्याला झापलं, "गप ऱ्हा, मोज फुडं."

बाकीचं थोडक्यात. घोट्याला वाळूची पिशवी एक किलोपासून वाढवत साडेतीन किलोंपर्यंत. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं आणि पाय बाजूला नेणं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपर मागे ओढणं. ओट्यालगत टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालणं, कारण नुसत्या ताकदीने पडणं थांबत नाही, तोलही शिकवावा लागतो. आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या भरलेल्या पिशव्या घेऊन माजघराच्या फेऱ्या.

व्यायामाइतकीच महत्त्वाची दुसरी यादी, ती घरच्यांसाठी होती. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात. मोबाइल चार्जिंगला समोरच्या भिंतीपाशी. कमोडची खुर्ची दिवाणापासून हलवून न्हाणीत, रात्रीपुरती खोलीत. देवाची फुलं आजींनीच अंगणातून आणायची, कुणी तरी बरोबर असेल तेव्हा. मुलाला हे फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात तो दोनदा गुपचूप तांब्या परत ठेवून आला. नातवाने चहाडी केली. शेजारणीही "या वयात म्हातारीला कशाला छळता" म्हणून गेल्या. मुलाचा चेहरा पडला. आईला उठताना धडपडताना बघत हात न देता उभं राहणं, हे त्याच्या संस्कारात बसत नव्हतं, आणि त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

खुराक

आजी काय खातात हे विचारलं तर "सगळं खाते". तीन दिवस सूनबाईंना लिहून ठेवायला सांगितलं. सकाळी चहात बुडवून अर्धी चपाती. दुपारी एक भाकरी, पालेभाजी. संध्याकाळी चहा. रात्री आमटी-भात, आमटी पाण्यासारखी, कारण कवळी नीट बसत नव्हती आणि घट्ट काही गिळवत नव्हतं. अंदाजे हिशेब केला तर दिवसाला ३० ग्रॅमच्याही आत प्रथिनं. त्यात महिन्याच्या दोन एकादशा, साबुदाण्यावर. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच.

म्हाताऱ्या स्नायूंना अन्नातल्या प्रथिनांचा इशारा कमी ऐकू येतो. तरुणाला जेवढ्यात भागतं तेवढ्यात त्यांचं भागत नाही. निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम, आजारातून उठलेल्यांना त्याहून थोडं जास्तही, असं २०१३ पासून तज्ज्ञ सांगत आले आहेत. आजींसाठी म्हणजे ५५ ग्रॅमच्या आसपास, आणि ते एकाच जेवणात कोंबून नाही, तिन्ही वेळा वाटून. मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री आधी झालेली होती; ती नसेल तर हा आकडा आपल्या मनाने धरू नये.

आजी माळकरी. अंडं, मासे, मटण बाद. पुण्याच्या लेकीने महागडा पावडरचा डबा पाठवला होता, त्यावर रुपेरी केसांचं हसरं जोडपं. आजींना त्याची चव "खडू खाल्ल्यावानी" लागली. मी लेबल वाचलं, साखरच जास्त होती. डबा नातवाने संपवला.

मग घरातलंच जुळवलं. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि कपभर दूध. दुपारी भाकरीबरोबर मऊ शिजवलेली मटकी, वाटीभर घट्ट दही. संध्याकाळी चहाबरोबर फुटाण्याचं पीठ गूळ घालून कालवलेलं, किंवा शेंगदाण्याचा लाडू बारीक कुटून. रात्री भाताबरोबर पिठलं. घट्ट, कवळीला न लागणारं. झोपताना अर्धा कप दूध. एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची लापशी दुधात आणि शेंगदाण्याची आमटी. सूनबाई म्हणाल्या, "हे तर सगळं घरात होतंच की." होतंच. कवळी दुरुस्त करून आणली आणि त्या एका गोष्टीने मला वाटतं माझ्या सगळ्या आहारसल्ल्यापेक्षा जास्त काम केलं.

नुसत्या खुराकाने मात्र काही होत नाही. त्याच बोस्टनच्या मंडळींनी १९९४ साली सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर हेही तपासलं: काहींना फक्त पोषक पेय, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. पेयाने एकट्याने ताकदही वाढवली नाही आणि चालही. व्यायामाने दुपटीहून जास्त ताकद वाढली. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बसून खुराक खाल्ला की पॉट सुटतं, आबा म्हणायचं."

गुडघा

सहाव्या आठवड्यात मला घाई झाली. बहिणीच्या गावची यात्रा चैत्रात होती, आजींना तिला जायचं होतं, आणि एस.टी.ची पहिली पायरी उंच. मी स्टँडवर जाऊन टेपने मोजून आले: पंधरा इंच. आजी तोवर घरात नऊ इंचांच्या पाटावर चढत होत्या. एकाच दिवशी मी पाट बारा इंचांचा केला आणि बैठकांना छातीशी तीन किलो गव्हाची पिशवी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन. उजवा गुडघा सुजला, गरम लागतोय, आजी पाय खाली टेकत नाहीत. मुलाचा पुढचा फोन आला तो काही बोलला नाही, नुसता "मॅडम" म्हणून थांबला.

झीज झालेल्या गुडघ्यावर दोन गोष्टी एकदम वाढवल्या होत्या. एका वेळी एकच वाढवायची, हा नियम मीच विद्यार्थ्यांना सांगते. पाच दिवस पायऱ्या आणि बैठका बंद, बर्फ, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. पण सगळं बंद केलं नाही. आडवं झोपून कंबर उचलणं, डाव्या पायाचं सगळं, हातांचं सगळं चालू ठेवलं. दहा दिवसांनी एकोणीस इंचांच्या खुर्चीपासून पुन्हा सुरू केलं. त्यानंतर दुखण्याचा नियम लिहून भिंतीवर लावला: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. दुखलं तर एक पायरी मागे. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टर.

आजी माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांना पाच दिवसांचा खाडा जास्त लागला. "आबांचा पन पाय मुरगाळला हुता यकदा," एवढंच.

बारा आठवड्यांनी

हात बांधून खुर्चीतून पाच वेळा: पहिल्या दिवशी एकदाही नाही, आता १५.२ सेकंद. बाराचा निकष अजून दूर. सहा मीटर ७.१ सेकंदांत, म्हणजे वेग ०.६४ वरून ०.८५. हे एकच्या खालीच आहे, पण या मोजमापात ०.१चा फरकसुद्धा माणसाच्या रोजच्या आयुष्यात जाणवतो असं मानतात. इथे दोन दशांश होते. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला २१ सेकंद लागायचे, ते १४ झाले. वजन ४७.३. पोटरी २९, म्हणजे अर्धा सेंटिमीटर. टेप जरा सैल-घट्ट धरला तरी एवढा फरक येतो, त्यामुळे त्यावर मी काही म्हणणार नाही. पकड ११ वरून साडेबारा.

कागदावर आजी अजूनही सार्कोपेनियाच्याच गटात आहेत. मांस फारसं वाढलेलं नाही. ताकद मात्र वाढली, कारण पहिल्या काही आठवड्यांत सुधारते ती मुख्यतः मेंदू आणि नसांची स्नायूंना हाक मारण्याची रीत. मांस मागून, सावकाश येतं. ज्यांना तीन महिन्यांत भरलेल्या मांड्या हव्या असतात त्यांची इथे निराशा होते.

सूनबाईंनी पाठीचा पट्टा घेतलाच नाही. कमोडची खुर्ची माळ्यावर गेली.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम स्टँडवर गेले. मुलाने मोटारीने सोडतो म्हटलं होतं, आजींनी ऐकलं नाही. गाडी लागली. आजींनी डाव्या हाताने दाराचा दांडा धरला, चांगला डावा पाय पायरीवर ठेवला आणि पुढे झुकल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मागून मुलाचा हात पुढे आला, आणि मी त्याचं मनगट धरलं. "विठ्ठल," आजी मोठ्याने म्हणाल्या, आणि वर. मागच्या बाईने दचकून हात जोडले. कंडक्टरने आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. उतरताना कसं होईल याची मला जास्त काळजी होती. तिकडे बहिणीचा मुलगा थांबला होता आणि आजींनी त्याचा हात धरला, हे नंतर कळलं.

आता सहा महिने होऊन गेलेत. मी पंधरा दिवसांतून एकदा जाते. आठवड्याचे तीन दिवस कमी होऊन दोनवर आलेत, पेरणीच्या दिवसांत एक आठवडा पूर्ण बुडाला आणि पुढच्या भेटीत खुर्चीची वेळ दोन सेकंदांनी मागे गेलेली दिसली. पुन्हा पडलेल्या नाहीत. कॅलेंडरवर नातू रेघा ओढतो, एका फेरीला एक; एकादशीच्या चौकोनातही रेघा असतात.

जमिनीवर बसून देवपूजा करता यावी ही आजींची मूळ मागणी होती, ती अजून पुरी झालेली नाही. खाली बसता येतं, उठताना दिवाणाच्या काठाला धरावं लागतं आणि उजवा गुडघा कुरकुरतो. सध्या नऊ इंचांच्या चौरंगावर बसून पूजा होते. मागच्या भेटीत मी तो सात इंचांचा करायचं सुचवलं. आजींनी चौरंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फुडच्या सोमवारी बघू. आन गव्हाची पिशवी त्या दिवशी नको."

पिशवी नको, हे मी वहीत लिहून घेतलं.